प्रेक्षक आणि साक्षी

एखाद्या माणसाचा अंत हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावा आणि त्यांतील बहुतेकांना आपण मृत्यू पाहिला हे ठाऊकच नसावे, असे घडू शकते काय? अमेरिकेतील मिसुरी राज्यात, कॅन्सस सिटी येथील केम्पर अरीना या बंदिस्त क्रीडागृहात, २३ मे १९९९ च्या रात्री असे घडले. ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ या कंपनीचा ‘ओव्हर द एज’ नावाचा कुस्तीचा कार्यक्रम तेथे चालू होता. जागेवर १६,००० हून अधिक प्रेक्षक होते आणि वेगळे पैसे भरून दूरचित्रवाणीवर पाहणारे त्याखेरीज.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी कोल्हापूरच्या खासबागेत किंवा इंदूर-बडोद्याच्या आखाड्यांत मातीवरची कुस्ती पाहिली आहे, त्यांना या प्रकाराला कुस्ती म्हणवणार नाही. येथे कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. मल्लांना नावे, पोशाख, वैर आणि मैत्री नेमून दिलेली असते. आपल्याकडे ‘नुरा कुस्ती’ हा शब्द निंदेचा आहे. तिकडे तीच कला. प्रेक्षकही ते जाणून असतो आणि जाणूनच ओरडतो. यात फसवणूक नाही, नाटकाच्या प्रेक्षकाशी असतो तसाच हा करार आहे. मात्र त्या करारात एक बारीक फट आहे. निकाल खोटा असला, तरी उंचीवरून पडणारे शरीर खरे असते.

ओवेन हार्ट हा कॅनडातील कॅलगरीचा. कुस्तीगीर आणि कुस्तीगुरू स्टू हार्ट यांच्या बारा अपत्यांतील तो सर्वांत धाकटा. त्या रात्री त्याचे वय ३४ वर्षांचे होते. घरी पत्नी आणि दोन लहान मुले होती. त्याला ‘ब्लू ब्लेझर’ या मुखवटाधारी, फुशारकी मारणाऱ्या वीराचे सोंग दिले होते. छताच्या तुळयांवरून दोराने खाली यायचे आणि रिंगण काही फुटांवर आले की कडी सोडवून फजितीने तोंडघशी आपटायचे, असा तो विनोद होता. विनोद साधायचा तर कडी चटकन सुटली पाहिजे. म्हणून हलक्या ओढीने उघडणारी कडी वापरली गेली. ती वरच उघडली. सुमारे ७८ फुटांवरून तो खाली आला, छाती रिंगणाच्या वरच्या दोरावर आदळली आणि तो आत फेकला गेला. महारोहिणी फाटून झालेल्या अंतर्गत रक्तस्रावाने तो गेला. हसू पिकवण्यासाठी योजलेली वस्तूच प्राणघातक ठरली, ही गोष्ट आम्हांस साऱ्या हकिकतीत सर्वांत कठोर वाटते.

त्या क्षणी सभागृहात अंधार होता आणि घरच्या प्रेक्षकांना आधी चित्रित केलेली फीत दाखवली जात होती. प्रत्यक्ष पडणे त्यांना दिसले नाही. कॅमेरे नंतर प्रेक्षकांकडे वळवले गेले. समालोचक जिम रॉस यांना हा करमणुकीचा भाग नव्हे, हे खरेच घडले आहे, असे पुनःपुन्हा सांगावे लागले. ज्या धंद्यात खोट्याला खरे म्हणणे हाच रोजचा व्यवहार, तेथे खऱ्याला खरे म्हणण्यासाठी शब्द उरत नाहीत, हे त्या माणसाच्या स्वरातून जाणवते. सभागृहात तर काहींना वाटले, वरून एखादा बाहुला टाकला असेल. त्यांना दोष कसा द्यावा? सोंगाच्या घरी खरा पाहुणा आला, तर तो ओळखायचा कोणी?

भारतीय साहित्यशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. रंगभूमीवरचा शोक आपल्याला सुखावतो कसा, यावर अभिनवगुप्ताने दिलेले उत्तर असे, की तो शोक ना नटाचा असतो, ना आपला. तो कोणा एकाचा राहत नाही, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. रसाच्या आड येणारी सात विघ्ने त्याने सांगितली आहेत, आणि शोक आपला वा परक्याचा म्हणून जाणवणे हे त्यांपैकी एक. हा विचार आम्ही थोडा पुढे नेतो. रसभंग हा नेहमीच दोष नसतो. कधी तो कर्तव्य असतो. रंगमंचावरचा नट खरोखर कोसळला, तर प्रेक्षकाने आस्वादकाची भूमिका टाकून माणूस व्हायचे असते. पण त्यासाठी त्याला कोणीतरी सांगावे लागते, की आता नाटक संपले.

कॅन्सस सिटीत ते सांगितले गेले नाही. ओवेनला रुग्णालयात नेले आणि थोड्या खंडानंतर पुढची लढत सुरू झाली. त्या लढतीत त्याचा जिवलग मित्र जेफ जॅरेट याला त्याच रिंगणात उतरावे लागले. मृत्यूची बातमी रॉस यांनी दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकांना सांगितली; समोर बसलेल्यांना मात्र शेवटपर्यंत काही सांगितले नाही. दूर असणाऱ्यांना कळले आणि जे प्रत्यक्ष साक्षी होते तेच अंधारात राहिले.

कार्यक्रम चालू ठेवण्याच्या बाजूने बोलणारे सांगतात, की लोक बिथरले असते. आणि ओवेनला स्वतःलाही खेळ थांबलेला आवडला नसता. पहिल्या कारणात तथ्य असू शकेल, पण ते शांतपणे निवेदन करून लोकांना घरी पाठवण्याचे कारण होते. दुसरे कारण मृताच्या तोंडी सोयीस्कर वाक्य घालण्याचा प्रकार आहे.

येथे आमच्यापैकी अनेकांच्या मनात बालगंधर्वांची आठवण जागी होईल. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट आपल्या घराघरांत अभिमानाने सांगितली जाते, आणि खेळ थांबता कामा नये या तत्त्वाचा ती जणू पुरावाच मानली जाते. (त्या रात्री घरी असलेल्या आईचा विचार या गोष्टीत कोणी फारसा करत नाही, हेही नमूद करावेसे वाटते.) परंतु दोन्ही घटना एका मापाने मोजता येणार नाहीत. बालगंधर्वांनी दुःख स्वतःचे होते म्हणून ते बाजूला ठेवण्याचा अधिकारही स्वतःकडे ठेवला. कॅन्सस सिटीत दुःख होते ते ओवेनच्या पत्नीचे, आईवडिलांचे, भावंडांचे, आणि ते बाजूला ठेवण्याचा निर्णय घेतला तिकिटे विकणाऱ्यांनी. आपल्या दुःखाचा त्याग करणे आणि दुसऱ्याच्या दुःखाचा त्याग करणे यांत जे अंतर आहे, ते कलानिष्ठेच्या नावाने पुसता येत नाही.

मग प्रेक्षक अगदीच निर्दोष काय? ७८ फुटांवरून माणूस उतरवण्याची कल्पना कोणाला सुचते ती टाळ्यांच्या भरवशावरच. सर्कशीतही हेच असते. पण विष्णुपंत छत्र्यांच्या काळापासून सर्कशीचा प्रेक्षक निदान जाणतो, की झुल्यावरचा धोका खरा आहे. त्याची भीती प्रामाणिक असते आणि त्या भीतीत कलावंताविषयी आदर असतो. सारे लटकेच आहे अशी खात्री दिलेला प्रेक्षक अधिकाधिक मागत जातो, कारण मागण्याची किंमत कोणी मोजते आहे असे त्याला वाटतच नाही. आमच्या मते त्या रात्रीच्या प्रेक्षकांवर काही बोट ठेवायचेच तर ते एवढ्यावरच ठेवता येईल. पुढच्या लढतींना त्यांनी दिलेल्या आरोळ्यांचा भार त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. त्या आरोळ्या त्यांच्याकडून चोरून घेतल्या होत्या. कोणाच्या मृत्यूनंतर आपण कसे वागलो, हे ठरवण्याची संधीच ज्याला मिळाली नाही, त्याच्याही बाबतीत काही हिरावले गेलेच.

ओवेनची पत्नी मार्था यांनी कंपनीवर दावा लावला. २००० साली सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या पैशातून त्यांनी पतीच्या नावे प्रतिष्ठान स्थापन केले. कंपनीने पतीचे नाव आपल्या मानकऱ्यांच्या यादीत घालावे याला त्यांनी सातत्याने नकार दिला. त्या कार्यक्रमाची फीत कंपनीने बरीच वर्षे बाहेर काढली नाही. २०१४ साली ती आपल्या वाहिनीवर उपलब्ध केली, तेव्हा आरंभी ओवेनच्या स्मृतीस वाहिलेली एक पाटी होती आणि अपघाताचा भाग कापलेला होता. त्यापुढे लढती लागतात, दिवे झगमगतात, लोक ओरडतात.