एका नावाला किती दारे

नमाजाची वेळ टाळून बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत या. गांधी चौकातला गलका दाराशी सोडा, चपलाही तिथेच काढा. काळ्या दगडाच्या कमानींखालून पश्चिमेच्या भिंतीकडे सावकाश चाला. ज्यांना इथवर येणे जमणार नाही त्यांनी घरीच स्वस्थ बसावे, डोळे मिटावेत आणि माझ्याबरोबर मनाने चालावे.

या मशिदीत अरबी लेख आहे, तसा संस्कृतही आहे. मशिदीत संस्कृत बघून बहुतेकांना नवल वाटते. ते फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही निघू नका. नवल ओसरू द्या. ते ओसरल्यावर जे उरेल त्याच्याशी आपल्याला बसायचे आहे.

संस्कृत लेखाच्या आरंभी सृष्टीच्या कर्त्याला नमन आहे, पुढे फारुकी राजांची वंशावळ, आणि मग तारीख. ही तारीख नीट बघा. विक्रम संवत १६४६. त्याला लागूनच शके १५११. मग संवत्सर, पौष महिना, तिथी, सोमवार, नक्षत्र. इसवी सनाने जानेवारी १५९०. मशीद बांधणाऱ्या आदिलशाह फारुकीला, म्हणजे राजा अली खानाला, एक सन सहज पुरला असता. पण बऱ्हाणपूर म्हणजे दख्खनचे दार. उत्तरेकडून आलेला माणूस संवत मोजणार, तापी ओलांडून दक्षिणेकडून आलेला शके मोजणार. दोघांनीही आपापल्या मोजणीने यावे आणि एकाच सोमवारी पोहोचावे, अशी ती तजवीज आहे असे मला वाटते.

यावर थोडा वेळ राहा. ज्याने हा मजकूर रचला त्याला वाचणारा कधी भेटणार नव्हता. त्या न भेटणाऱ्याची मोजणी आपल्याहून वेगळी असेल, हे मात्र त्याने धरून ठेवले. तुमचा सन चुकला, आमचा शिकून या, असे तो म्हणाला नाही.

आता मन लांब न्यायचे आहे. शिकागोला, १९४७ सालात.

तिथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक चिनी ग्रंथपाल रुजू झाले आहेत. थोड्या काळासाठी म्हणून आलेले हे गृहस्थ पुढे जन्मभर तिथेच राहिले आणि शंभरी ओलांडून २०१५ मध्ये त्याच शहरात वारले. हर्ली क्रील या प्राध्यापकांनी १९३६ पासून चिनी ग्रंथांचा संग्रह उभारायला घेतला होता. हजारो खंड येऊन पडले होते, त्यांची नोंद व्हायची होती. ग्रंथपालांच्या पुढ्यात हे काम होते. भोवती इंग्रजी बोलणारे शहर, बाहेर बर्फ, आणि खोलीत अशी पुस्तके की जी त्या इमारतीत मोजक्याच लोकांना वाचता येतात.

त्यातले एक पुस्तक हातात घ्या. कल्पनेनेच, पण दोन्ही हातांनी. पुठ्ठ्यावर निळे कापड चढवलेले वेष्टण आहे, पुस्तकाला सगळीकडून लपेटून घेणारे. कडेला हाडाच्या दोन बारीक खुंट्या कापडी फासात अडकवलेल्या आहेत. त्या सोडवा. आत दोऱ्याने शिवलेल्या पातळ वह्यांची चवड आहे. पान उचलून बघा. कागद इतका तलम की तो एकाच बाजूला छापायचा, मधोमध दुमडायचा, घडी बाहेरच्या कडेला आणि सुटी टोके शिवणीत. म्हणजे प्रत्येक पान आतून पोकळ. ही पुस्तके आपल्या घरी फळीवर आडवी निजलेली असत, म्हणून नाव लिहायचे ते खालच्या कडेवर, शाईने. परदेशी फळीवर पुस्तक उभे केले की त्याचे नाव थेट फळीला जाऊन टेकते. पुस्तक जागेवर आहे आणि नाव दिसत नाही.

मग मोजणी. दाखल-नोंदवहीत नग किती लिहायचे? वेष्टण एक, वह्या आठ, आणि जुन्या चिनी याद्या मोजतात ते अध्याय, ते चाळीस. तीनही आकडे खरे आहेत. एक लिहिला की उरलेले दोन हरवतात, म्हणून तीनही लिहायचे.

मग लेखकाचे नाव, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. जुन्या चिनी विद्वानाला जन्माचे नाव असे, वयात आल्यावर मिळालेले दुसरे असे, स्वतः घेतलेले टोपणनाव असे, अभ्यासिकेच्या नावावरून पडलेले आणखी एक असे. कोणत्या पुस्तकावर कोणते छापले असेल याचा नेम नाही. आपल्याला यात परके काही नाही. गोविंदाग्रज मागणाऱ्याला गडकऱ्यांच्या फळीकडे आणि कुसुमाग्रज मागणाऱ्याला शिरवाडकरांच्या फळीकडे पाठवणारा माणूस आपल्या प्रत्येक वाचनालयात असतो. आपल्याकडे ते सगळ्यांनाच ठाऊक असते. शिकागोत ते ठाऊक असणारा एकटा असला, तर त्याच्यामागे ते ज्ञान जाणार. म्हणून ते कार्डावर उतरवायचे: हे नाव हवे असेल तर तिकडे पाहा. एका माणसाची चार-पाच कार्डे. वर रोमन अक्षरांत उच्चार, आणि चिनी अक्षरे हाताने काढलेली, कारण कचेरीतल्या टंकयंत्रावर ती नव्हतीच.

खुद्द या ग्रंथपालांचे नाव कसे शोधाल? अमेरिकेत ते टी. एच. त्सिएन म्हणून ओळखले गेले. आजच्या पिनयिन या रोमन लेखनपद्धतीने त्यांचे नाव छ्येन त्सुन-श्युन असे होते, आणि तिथे आडनावाचे पहिले रोमन अक्षरच बदलते. दोन नावे वर्णक्रमात एकमेकांपासून दूर पडतात. मध्ये कोणी तिकडे पाहा असे लिहून ठेवले नाही, तर एकाच आयुष्याचे दोन माणसांत वाटप होते.

इथे थांबा. मला शोधत येणारा मला कोणत्या नावाने शोधेल, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर लगेच देऊ नका. आपल्या गावाचे नाव आपण मराठीत बऱ्हाणपूर लिहितो, सरकारी पाटीवर ते बुरहानपुर आहे. घरात हाक मारायचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, लग्नानंतर सासरच्या माणसांनी ठेवलेले तिसरे. कितीतरी आज्या तीन नावांनी जगल्या आणि सातबाऱ्यावर चौथ्याच नावाने राहिल्या. त्यांच्यासाठी कार्ड कोणी लिहिले?

छ्येन यांच्या कामाला आणखी खालचा एक थर आहे. १९४१ मध्ये ते शांघायला होते. पेइपिंगच्या, म्हणजे आजच्या बीजिंगच्या, राष्ट्रीय ग्रंथालयातले दुर्मीळ ग्रंथ जपानी सैन्याच्या भीतीने तिथल्या परकीय वसाहतींत हलवले होते, आणि आता तीही जागा सुरक्षित उरली नव्हती. ओळखीच्या एका जकात अधिकाऱ्याच्या मदतीने त्यांनी शंभरावर पेट्या, नवी पुस्तके असे कागदोपत्री दाखवून, थोड्याथोड्या करून अमेरिकेला रवाना केल्या. डिसेंबरात पर्ल हार्बर झाले आणि समुद्र बंद झाला. पेट्या वॉशिंग्टनला सुखरूप पोहोचल्या होत्या. युद्धानंतर त्या परत नेण्याचे काम त्यांच्यावर आले, पण चीनमध्ये यादवी पेटली आणि ते काम राहिलेच. ग्रंथ १९६५ मध्ये तैवानला गेले.

ज्या पेट्यांसाठी ते जिवावर उदार झाले त्या त्यांना स्वतःच्या हाताने घरी नेता आल्या नाहीत. या वाक्यापाशी बसा. मला इथे नेहमी वाटते की या माणसाने पुढची वर्षे कडवटपणात घालवली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. ते दुसऱ्या गावात, दुसऱ्यांनी जमवलेल्या पुस्तकांची कार्डे लिहीत बसले, आणि विद्यार्थ्यांना ग्रंथविद्या शिकवत राहिले. १९५० नंतर अमेरिकेचा चीनशी व्यापार तुटला, तेव्हा चिनी पुस्तके हाँगकाँग आणि जपानमार्गे मिळवावी लागत. कागद आणि छपाईचा चिनी इतिहास त्यांनी लिहिला तो १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला.

कार्डे मात्र शेवटची नसतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने १ ऑक्टोबर २००० रोजी जुनी रोमन पद्धत सोडून पिनयिन स्वीकारली. माओ त्से-तुंगचे माओ झेडाँग झाले ते आपण वर्तमानपत्रात वाचले आणि विसरलो. तिथे ते नोंदीनोंदीत करावे लागले. आधीच्या पिढीने लिहिले ते चूक नव्हते. नव्या पिढीचा वाचक दुसऱ्या वाटेने येऊ लागला होता, आणि जुन्या वाटेने येणारेही अजून होते. दोघांचीही सोय बघायची होती.

आता उलट बाजूने बघू. आपली पुस्तके जिथे परकी आहेत, तिथे.

त्याच शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात दक्षिण आशियाचा संग्रह मॉरीन पॅटरसन यांनी वाढवला. त्यांचा स्वतःचा अभ्यास महाराष्ट्रातल्या चित्पावनांचा, आणि १९८१ मध्ये त्यांनी दक्षिण आशियावरची प्रचंड ग्रंथसूची प्रसिद्ध केली. मराठी पुस्तके तिथवर गेली त्यामागे आपल्या रेशनचा गहू आहे. पी. एल. ४८० या कायद्याखाली अमेरिकेने दिलेल्या गव्हाचे रुपये भारतातच साठले होते. त्यांतले काही खर्चून काँग्रेस ग्रंथालयाची दिल्ली कचेरी १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवू लागली. ज्यांच्या घरी त्या लाल गव्हाच्या चिवट पोळ्या झाल्या त्यांना हे सांगितले की ते क्षणभर गप्प होतात.

तिथे कोणीतरी मराठी शीर्षक रोमन अक्षरांत उतरवत असेल. 'ळ' आला की 'एल'खाली टिंब द्यायचे. ते राहिले तर 'बाळ' आणि 'बाल' एकाच जागी जाऊन बसतात. त्या टिंबाचा विचार करा. ते देणाऱ्याने कदाचित आयुष्यात एकदाही 'ळ' सहज उच्चारला नसेल. तरी तो दरवेळी थांबतो आणि देतो, कारण कधीतरी आपल्यापैकी कोणी तिथे पोहोचेल. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात अब्दुर्रहीम खानखानाने स्वतःसाठी करवून घेतलेले सचित्र फारसी रामायण आहे, पोथी कशी सिद्ध झाली याच्या त्याच्या नोंदीसह. बऱ्हाणपुरात वर्षानुवर्षे राहिलेल्या रहीमची ही पोथी आज परके हात सांभाळतात, आणि मला त्या हातांबद्दल कृतज्ञताच वाटते.

आणखी मागे जा. पुण्याच्या पु. वि. बापटांनी १९३७ मध्ये विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथांची तुलना प्रसिद्ध केली. विमुत्तिमग्ग मुळात पाली परंपरेतला, पण मूळ हाती नव्हते. होते ते सहाव्या शतकात संघपालाने केलेले चिनी भाषांतर. बापट त्यासाठी चिनी शिकलेले होते. चौदाशे वर्षे ते भाषांतर कोणी ना कोणी उतरवून काढले, छापले, यादीत मांडले, वाळवी आणि ओल यांपासून जपले. त्यातल्या एकालाही पुण्याचा हा वाचक माहीत नव्हता. त्या सगळ्या अनाम हातांना मनात एकेक करून येऊ द्या. चेहरे दिसणार नाहीत. हात दिसले तरी पुरे.

आणि मग आपल्या माळ्याकडे या.

उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. त्या काळचा कारभार मोडीत चालला. जुन्या मराठी घरांत रुमालात बांधलेले मोडी कागद अजून निघतात: वाटण्या, देणेघेणे, वतनाचे वाद. घरात मोडी वाचणारे कोणी उरलेले नसते, आणि दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जातात. मला याचे फार वाईट वाटते. आपल्याच पणजोबांच्या अक्षरापुढे आपण परदेशी होऊन उभे असतो, आणि त्या परदेशात ग्रंथपाल नसतो.

असा रुमाल तुमच्याकडे असेल तर तो सोडा. कागद ज्या क्रमाने निघतील तोच क्रम राहू द्या. उन्हात टाकू नका, फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, गंजलेली टाचणी ओढून काढू नका. एका स्वच्छ चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहा: हे कोणाच्या घरचे, कुठे सापडले, कागद किती. घराण्याचे आडनाव आधी वेगळे असेल तर तेही लिहा. गावाचे नाव मराठीत आणि हिंदीत, दोन्ही. ज्यांच्या आठवणीत काही आहे अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्या नावानिशी टिपून ठेवा. मोडी वाचणारे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात भेटतात, धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातही भेटतात. तिथवर जाणे लगेच झाले नाही तरी चालेल. रुमाल पुन्हा सैल बांधा, चिठ्ठी आत ठेवा, आणि तिची एक नक्कल घरातल्या तरुण माणसाकडे द्या.