चांगल्या वर्षांचा हिशोब

दुष्काळात तग धरलेल्या शेतकऱ्याचे कौतुक करायला काही खर्च येत नाही. शिवाय त्याच्यावर ही वेळ कोणी आणली, हा प्रश्नही मग मागे पडतो. अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानांवर १९३०च्या दशकात उठलेल्या धुळीच्या वादळांची हकिकत बहुधा अशीच सांगितली जाते. पाऊस गेला, वारा सुटला, माणसे मात्र खंबीर राहिली. माणसे खंबीर राहिली हे खरेच आहे. पण पाऊस आणि वारा यांच्या माथी सगळे मारले, की या हकिकतीचा अर्धा भाग गळून पडतो.

ओक्लाहोमा आणि टेक्सास या राज्यांचे चिंचोळे पट्टे, नैऋत्य कॅन्सस, आग्नेय कोलोरॅडो आणि ईशान्य न्यू मेक्सिको हा पुढे ‘धुळीचा पट्टा’ म्हणून ओळखला गेलेला मुलूख मुळातच कमी पावसाचा. वारा तर तिथे बारमाही. १८९०च्या दशकातही तिथे कडक दुष्काळ पडून कित्येक वसाहती ओस पडल्या होत्या. पण तेव्हा बहुतेक रान मोडलेले नव्हते. खोल मुळांच्या बुटक्या गवताने माती घट्ट धरून ठेवली होती. चाळीस वर्षांनी पाऊस पुन्हा दडी मारून बसला, तेव्हा लाखो एकरांवर ते गवत उरले नव्हते.

ते मोडले गेले चांगल्या वर्षांत. १९०९च्या कायद्याने कोरडवाहू भागात वस्ती करणाऱ्याला ३२० एकर जमीन मिळू लागली. रेल्वे आणि जमीनविक्रीच्या कंपन्यांनी या मुलुखाची भरमसाट जाहिरात केली. नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो, असेही लोकांना सांगितले गेले होते. पहिल्या महायुद्धात रशियाचा गहू बाजारात येईना, तेव्हा सरकारने बुशेलला दोन डॉलरहून अधिक भावाची हमी दिली. कर्ज काढून ट्रॅक्टर आले, तबकड्यांचे नांगर आले. युद्ध संपले, भाव कोसळले, हप्ते मात्र होते तेवढेच राहिले. भाव निम्म्यावर आला तर हप्ता भरायला दुप्पट रान पेरायला हवे, हा प्रत्येक घराचा हिशोब बिनचूक होता. त्यात शहरात राहून फक्त पेरणी-कापणीपुरते शेतावर येणारेही होते. सगळ्यांनी एकच हिशोब केला आणि १९३१ साली उदंड गहू पिकला. त्या वर्षी भाव चाळीस सेंटच्या आसपास घसरला. मग अनेकांनी पेरणी सोडली, रान उघडे पडले आणि पाठोपाठ पाऊस गेला. अस्मानी आली तेव्हा सुलतानीने तिची सगळी तयारी करून ठेवली होती.

त्यानंतरचे हाल शब्दशः श्वासाशी येऊन भिडले. बायका खिडक्यांवर ओल्या चादरी टांगत, ताटे जेवायला बसेपर्यंत पालथी ठेवत. मुले आणि म्हातारी माणसे धुळीच्या न्यूमोनियाने दगावली. हवेतल्या स्थिर विजेने गाड्या बंद पडू नयेत म्हणून लोक गाडीमागे जमिनीवर घासत जाणारी साखळी बांधत. गुरांना काटेरी रानझुडपे खायला घातली जात. १९३४ मध्ये सरकारने उपाशी गुरे विकत घेतली आणि जी अगदीच हाडांवर आली होती ती मारून टाकली. १४ एप्रिल १९३५च्या रविवारी तर भरदुपारी हात दिसेनासा झाला. ओक्लाहोमातली शेतकरी लेखिका कॅरोलाइन हेंडरसन १९०७ पासून तिथल्या जमिनीवर राहत होती. तिची त्या काळातली पत्रे १९३६ साली ‘अटलांटिक मंथली’त छापली गेली. ती शेत सोडून गेली नाही. धुळीच्या पट्ट्यातले बहुतेक लोक असेच राहिले.

मग कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागले ते कोण? त्यांच्यातले बरेच जण धुळीच्या पट्ट्याबाहेरचे, कापूस पिकवणारे कूळ-शेतकरी होते. जॉन स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ या कादंबरीतले जोड कुटुंबही पूर्व ओक्लाहोमातल्या सॅलिसॉचे, म्हणजे त्या पट्ट्यापासून बरेच लांबचे. १९३३च्या कायद्याने पेरा कमी करणाऱ्याला सरकार पैसे देऊ लागले. पैसे बहुतांशी जमीनमालकाच्या हाती पडले. अनेक मालकांनी त्यातून ट्रॅक्टर घेतला आणि कुळाला निरोप दिला. तग धरायलाही पायाखाली स्वतःची जमीन लागते. राहिलेल्यांना शूर आणि गेलेल्यांना हतबल ठरवताना एवढी गोष्ट आपण विसरतो.

यावर कोणी म्हणेल, शेवटी शेतकऱ्यांच्या जिद्दीनेच तो मुलूख वाचला ना? वाचला, पण त्या जिद्दीला उसंत मिळाली म्हणून. आयोवा, नेब्रास्काकडे जप्तीच्या लिलावात शेजारीपाजारी जमत, काही सेंटांची बोली लावत आणि घेतलेली अवजारे, गुरे मूळ मालकाला परत करत. बाहेरच्याने बोली वाढवू नये म्हणून त्याच्यावर डोळे वटारायलाही ते कमी करत नसत. गहाण जमिनी लगेच जाऊ नयेत यासाठी कायदे झाले. ह्यू हॅमंड बेनेट या मृदातज्ज्ञाच्या पाठपुराव्याने एप्रिल १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. तत्पूर्वी मे १९३४ मध्ये मैदानांवरची धूळ थेट वॉशिंग्टन-न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली होती, हेही त्याच्या पथ्यावर पडले. पुढे मृदसंधारण जिल्हे आले. समतल नांगरट, पट्टापेर, धसकटे रानात राखणे, वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगा, यांसाठी शेतकऱ्यांना पैसा आणि सल्ला मिळू लागला. माझ्या रानातली माती तुझ्या पिकावर पडते, म्हणून तिची काळजी दोघांनी मिळून करायची, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

पण ते फार काळ पुरले नाही. १९४०च्या दशकात पाऊस परतला, दुसऱ्या महायुद्धाने गव्हाला भाव दिला आणि पुन्हा रान मोडले गेले. १९५०च्या दशकात पुन्हा धूळ उठली. या वेळी उत्तर म्हणून ओगलाला भूजलसाठ्यावर पंप बसले. आज त्याच्या दक्षिण भागात पाण्याची पातळी खोल गेली आहे. आधी माती खर्ची पडली, आता पाणी पडते आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. सोलापूरला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले तेही १९३०च्याच दशकात. १९७२च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि संकटात काम मागणे हा हक्क झाला. दुष्काळातल्या माणसाला असा हक्क देणे आपल्याला जमले. चांगल्या पावसाच्या वर्षी मात्र मराठवाड्यात ऊस वाढतो, बोअर खोल जातात, कारण कारखान्याच्या उसाइतकी खात्रीची विक्री आणि भाव ज्वारी-तुरीला नाही. इथेही एकेका घराचा हिशोब बरोबरच असतो, आणि तो चुकीचा ठरवून शेतकऱ्याला उपदेश करण्यात अर्थ नाही. हिशोबातले आकडे बदलायला हवेत. भाव, कर्ज आणि पाणी यांचे आकडे शेतकरी एकटा ठरवत नाही.

म्हणून दुष्काळाची चौकशी करायची तर ती पाऊस गेलेल्या वर्षापासून सुरू करून भागणार नाही. पाऊस होता, भाव होता, कर्ज सहज मिळत होते, त्या वर्षांत कोणाला काय पेरायला भाग पाडले गेले, इथून ती सुरू व्हायला हवी. ती टाळून केलेले सोशिकपणाचे कौतुक पुढच्या दुष्काळाच्याच कामी येते.