भाडेनियंत्रण आणि मालकीची मर्यादा

भिंती एकाच्या आणि त्यांच्या आतला संसार दुसऱ्याचा असेल, तर मालकीहक्क कुठे थांबावा, हा भाडेनियंत्रणामागचा नैतिक प्रश्न आहे. सोलापूरसारख्या गिरणी आणि विडी कामगारांच्या शहरात भाडे एकदम वाढले, तर कुटुंबाचा रोजगार, मुलांची शाळा आणि शेजार एकाच वेळी तुटतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 म्हणूनच वर्षाला 4 टक्के भाडेवाढ मान्य करतो. मालकाला स्वतःसाठी घर हवे असले, तरी कोणाचे हाल अधिक होतील, हे न्यायालयाला तोलावे लागते.

न्याय मात्र एकतर्फी नसतो. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडे जुन्या पातळीवर गोठवले. काळ बदलूनही ते तसेच ठेवणे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये अवाजवी ठरवले.

जैन परंपरेतील अपरिग्रह संग्रहाला सीमा घालतो; गांधीजींचा विश्वस्तविचार मालकाला संपत्तीचा केवळ राखणदार मानतो. दोन्हींतून एकच कसोटी हाती येते. वाजवी मोबदला घेणे धर्माला धरून आहे. निवाऱ्यासाठी अगतिक झालेल्या माणसाची अडवणूक करणे हा अधर्म आहे. भाडेकरूलाही हाच नियम लागू होतो: संरक्षण गरजेपुरते घ्यावे, त्याचा संग्रह करू नये.