एवढेसे विचारायचे होते

विरजण लावले तरी दही नीट लागत नाही, काय चुकत असेल? रेशनकार्डावर सुनेचे नाव चढवायला कोणकोणते कागद लागतात? शेगडीची ज्योत पिवळी का येते? बाळाच्या टाळूला तेल किती दिवस घालावे? असले प्रश्न पूर्वी ओट्यावर, नळावर किंवा एस.टी.च्या रांगेत विचारले जात. आता ते रात्री अकरा वाजता मोबाईलवर विचारले जातात. उत्तर देणारा नागपूरचा आहे की न्यू जर्सीचा, त्याचे नाव काय, धर्म कोणता, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसते. दोघांची पुन्हा कधी गाठ पडण्याचा संभवही नसतो.

मराठी माणसांनी ही वाट बरीच आधी धरली. 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ साली सुरू झाले, तेव्हा महाड-पोलादपूरच्या बहुतेक घरांत साधा टेलिफोनही नव्हता. परदेशात संसार थाटणाऱ्या मुली भाजणीचे प्रमाण, अडलेला मराठी शब्द, मुलाच्या खोकल्यावरचा घरगुती उपाय अशा गोष्टी तिथे विचारू लागल्या आणि कधीही न पाहिलेली माणसे त्यांना सविस्तर उत्तरे देऊ लागली. आज हेच आपल्या गावात घरोघरी चालते.

यावर आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, "शेजारी काय ओस पडले होते, म्हणून परक्याला विचारलेस?" तरुण म्हणतात, "शेजाऱ्याला एक प्रश्न विचारला, तर तो उलट चार विचारतो." मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात, आणि म्हणूनच हा प्रश्न नुसता सोयीचा नाही. अनोळखी माणसाने आपल्याला काय द्यावे आणि आपण त्याला काय द्यावे, हा जुना नैतिक प्रश्न आहे.

इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या सिसेरोने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. अगदी अनोळखी माणसालाही ज्या गोष्टी नाकारू नयेत, त्यांचा उल्लेख त्यात आहे: वाहते पाणी, विस्तवावरून विस्तव आणि जो विचारात पडला आहे त्याला प्रामाणिक सल्ला. या तीन गोष्टी एकत्र का? तर घेणाऱ्याच्या त्या उपयोगी पडतात आणि देणाऱ्याचे काही कमी होत नाही. वाट चुकलेल्याला वाट दाखवणे म्हणजे आपल्या दिव्यावर त्याचा दिवा लावून देणे, आपला दिवा तेवढाच उजळ राहतो, असा एका जुन्या कवीचा दाखलाही त्याने दिला आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानचे बिशप संत अ‍ॅम्ब्रोज यांनी आपल्या धर्मगुरूंसाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, तो याच ग्रंथाचा नमुना पुढे ठेवून.

आपल्याला हे समजायला रोमला जावे लागत नाही. काडेपेटी घरोघरी येण्यापूर्वी शेजारच्या चुलीतला निखारा मागून आणत. विरजण तर अजूनही मागतात. वाटीभर दह्यातले चमचाभर दिले, तर दोन घरी दही लागते. पास्काच्या रात्री मंदिरातले दिवे मालवतात आणि एका पास्का मेणबत्तीवरून ज्योत बाकाबाकांतून मागे जाते. शेजारी उभा असलेला माणूस ओळखीचा आहे का, हे तेव्हा कोणी पाहत नाही. मेणबत्ती कलती करून वात पुढे धरतो, एवढेच.

माहितीचेही असेच आहे. रेशनकार्डासाठी काय काय लागते हे मी तुम्हाला सांगितले, तर माझी माहिती अर्धी होत नाही. मग लहानशा प्रश्नाचे उत्तर देणे हा उपकार म्हणावा का? सिसेरोच्या हिशेबाने ते देणेच लागते. जे वाटल्याने घटत नाही, ते अडवून ठेवणाऱ्याला बचतीचे कारणही सांगता येत नाही. तो फक्त समोरच्याला त्याची जागा दाखवत असतो.

हे महाडइतके कोणत्या गावाने पाहिले आहे? अस्पृश्य मानलेल्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करावेत, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर गावात त्यांच्यावर हल्ले झाले. शेण आणि गोमूत्र घालून तळे 'शुद्ध' करण्यात आले. नगरपालिकेने त्याच वर्षी ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा सवर्णांपैकी कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला.

त्या तळ्यावर परधर्मीय पाणी भरत होते, गुरेही पीत होती. एवढी माणसे ओंजळभर प्याल्याने पाणी आटणार नव्हते. ते लोक भीक मागत नव्हते, हक्क बजावत होते, हा फरक विसरू नये. पण आपल्या विषयापुरता मुद्दा असा की तिथे पाण्याच्या आधी एक प्रश्न उभा होता, "तू कोण?" त्याचे उत्तर पसंत पडले नाही, तर वाहत्या पाण्याचाही भाव ठरत होता.

मोबाईलवर प्रश्न विचारणाऱ्याला या पहिल्या प्रश्नातून बरीच सुटका मिळते. त्याचे आडनाव कोणी पाहत नाही, पाहिले तरी त्याची वाडी कोणती हे कळत नाही. नवऱ्याशी पटत नाही, मुलगी वयात येताना तिला काय सांगावे, कर्जाचा हप्ता चुकला तर बँक काय करते, हे गावात विचारले तर संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोहोचते. अनोळखी माणूस नुसते उत्तर देतो. ज्याची परतफेड होणार नाही अशांना जेवायला बोलवा, असे प्रभू येशू लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. नाव न सांगता उत्तर देणारा माणूस त्याच्या बराच जवळ आहे, मग तो ख्रिस्ती असो वा नसो.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पाहू. भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर येशू थकून बसला आहे आणि एक शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते. ती इतर बायकांना चुकवण्यासाठी त्या वेळी आली, असे पुष्कळ भाष्यकार म्हणतात. योहान तसे लिहीत नाही, पण गावगाड्यात वाढलेल्या वाचकाला ते पटते. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. त्याच्याजवळ पोहराही नाही. तिला पहिले आश्चर्य वाटते ते याचेच: यहुदी पुरुष आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतो! तिचे भांडे त्याला कसे चालते? इथेही आधी "तू कोण, मी कोण" हेच आडवे येते, पण मागणारा ते मनावर घेत नाही.

आपण या उताऱ्यावर प्रवचने ऐकतो ती बहुधा जिवंत पाण्याविषयी. त्याआधीच्या पायरीवर मात्र घाईने पुढे जातो. देण्यासारखे सर्वस्व ज्याच्याजवळ आहे, तो आधी मागतो, आणि तेही एवढेसे. त्या बाईला कोणी काही मागण्याच्या लायकीची समजत नव्हते. तिला तो मागितले जाण्याचा मान देतो. तिच्या संसाराची गोष्ट निघते ती नंतर. पुढे ती घागर तिथेच ठेवून गावात धावते, आणि जे लोक तिच्याकडे पाहत नसतील ते तिचे ऐकू लागतात. येशूला पाणी मिळाले की नाही, हे योहान सांगत नाही.

शेजाऱ्यांची बाजू मला इथे दिसते. अनोळखी माणूस पाण्यापुरते पाणी देऊन निघून जातो. "तापाची गोळी किती तासांनी द्यावी?" याचे उत्तर तो देईल, पण मूल आठ दिवसांपासून तापात आहे आणि घरात दवाखान्यापुरते पैसे नाहीत, हे त्याला दिसणार नाही. शेजारणीला दिसेल. लहान प्रश्न पुष्कळदा मोठ्या प्रश्नाचे टोक असते. मात्र हे दिसण्याचा हक्क शेजारणीला केव्हा मिळतो? आधी विचारले तेवढ्याचे सरळ उत्तर दिले तर. विहिरीवर हाच क्रम होता. आपण तो उलटा करतो: आधी चौकशी, मग दोन शब्द उपदेश आणि उरलाच वेळ तर उत्तर. मग ती बाई मोबाईल उघडते, यात दोष तिचा म्हणता येईल का?

उत्तर देणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल दोन शब्द. सिसेरो नुसता सल्ला म्हणत नाही, प्रामाणिक सल्ला म्हणतो. पोलादपूरला महामार्गावरून महाबळेश्वरचा फाटा फुटतो. पावसाळ्यात तिथल्या टपरीवर गाड्या थांबवून लोक विचारतात, "घाट चालू आहे ना?" प्रश्न एका ओळीचा, पण जुलै २०२१ मध्ये आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता जागोजागी खचला होता. अशा दिवसांत ठाऊक नसताना मान डोलावणे हे सौजन्य नव्हे. आपल्याकडे "माहीत नाही" म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून माणसे अंदाजाने बोट दाखवतात. मोबाईलवर तर अंदाज सांगणाऱ्यांचा सुकाळ आहे, औषधांच्या बाबतीत विशेषच. "मला ठाऊक नाही, अमक्याला विचारा" हेही पूर्ण उत्तर आहे.

विचारणाऱ्यानेही सावध असावे. ग्राहकसेवेचा म्हणून मिळालेला नंबर चोराचा निघतो, तो गोड बोलून ओ.टी.पी. मागतो आणि खाते रिकामे होते. असे घडलेच, तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. विश्वास ठेवण्याचा अर्थ घराच्या किल्ल्या देणे असा होत नाही.

आणखी एक गोष्ट आपण सर्रास विसरतो. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात, परत येतो तो एकच, आणि तोही शोमरोनी, म्हणजे परकाच. कोणी अर्धा तास खर्चून आपल्याला उत्तर लिहिले आणि आपले दही लागले, तर पुन्हा जाऊन "लागले हो, आभारी आहे" असे लिहिणारे किती? यात शिष्टाचार आहेच, शिवाय त्याच अडचणीत पुढे येणाऱ्याला कोणते उत्तर खरे ठरले ते कळते.

अनोळखी माणसांचे मोल महाडला २२ जुलै २०२१ च्या रात्रीनंतर कळले. सावित्री आणि गांधारीचे पाणी बाजारपेठेत शिरले, वीज गेली, फोन बंद पडले, आणि तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. मुंबई-पुण्यातले नातेवाईक मोबाईलवर दिसेल त्याला विचारत होते: अमुक आळीत आमचे आईवडील आहेत, कोणी जाऊन बघाल का? मोठ्या संकटात आपण हे इतक्या सहज विचारतो आणि त्याला उत्तरही मिळते. पूर ओसरला, चिखल निघाला, की पुन्हा शेजाऱ्याकडे विरजण मागायला संकोच.

पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकाचा दुसरा अध्याय दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर आहे, आणि त्याचे शीर्षक वाटेवरच्या अनोळखी माणसाविषयी आहे. घरी निवांत वाचण्यासारखा आहे.

हल्ली पुष्कळजण माणसाला न विचारता यंत्रालाच विचारतात. कामापुरते ते ठीक आहे. यंत्राचे उपकार होत नाहीत, तशी त्याच्याशी ओळखही होत नाही.

रविवारी मिस्सेनंतर आपण आवारात पाच-दहा मिनिटे उभे राहतो. आपल्यात कोणी तहसील कचेरीच्या खेपा घातलेले आहे, कोणी एम.आय.डी.सी.त वीस वर्षे यंत्रे दुरुस्त केलेले, कोणी बाहेरगावाहून नुकतेच आलेले, ज्याला चांगला दवाखाना कोणता हेही ठाऊक नाही. त्या नव्या माणसाला आपण मदत करावी, हे सगळ्यांना सुचते. त्याच्याकडेच काही विचारावे, हे सहसा सुचत नाही. त्याच्या गावी मासे कसे वाळवतात, नाताळला कोणता गोड पदार्थ करतात, हे तर त्याला नक्की सांगता येईल.