पत्त्यांना पूर्वजन्म नसतो

जुगारी माणूस लोभी असतो असे म्हणतात. मला ते कधीच पटलेले नाही. खरा लोभी माणूस बँकेत जातो, मुदत ठेवीवर पाव टक्का जास्त कुठे मिळेल याची चार ठिकाणी चौकशी करतो आणि पावती घडी करून देवघरातल्या पोथीत ठेवतो. पैशांवर ज्याचे एवढे प्रेम आहे तो रात्री दोन वाजता अनोळखी लोकांच्या टेबलावर ते पसरून बसेल कशाला? जुगाऱ्याला दुसरेच काहीतरी हवे असते. ते काय, याचा उलगडा मला ज्या खेळामुळे झाला त्याचे नाव बाकारा.

नाव फ्रेंच आहे आणि त्यातला शेवटचा ट मुका आहे. आपल्याकडे मात्र पुष्कळजण बॅकरॅट असा सगळा उच्चार करतात. पैसे मोजलेत, तर अक्षर तरी का सोडा! पणजीला मांडवी नदीत जे तरंगते कॅसिनो दिवे लावून उभे असतात, तिथे हा खेळ चालतो. मराठी माणसाला त्यासाठी गोव्याला जावे लागते, कारण महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला, तो ४७ वर्षे लागूच केला नाही आणि २०२३ साली रद्द करून टाकला. इतका वेळ हातात पत्ते धरून एकही न टाकणारा खेळाडू दुसरा नसेल.

खेळ अगदी सोपा. एका बाजूचे नाव प्लेयर, दुसरीचे बँकर. यांतली कुठलीच बाजू तुमची नव्हे. ती नुसती नावे आहेत. दोन्हीकडे दोन-दोन पत्ते पडतात, पुष्कळदा तिसराही. एक्का म्हणजे एक, दुर्रीपासून नव्वीपर्यंत ज्याची त्याची किंमत, आणि राजा, राणी, गुलाम यांची किंमत शून्य. इथवर हा खेळ लोकशाहीला धरून आहे. पण मेंढीकोटात जिच्यासाठी आपण जिवाचे रान करतो ती दश्शीदेखील शून्यच. मग बेरीज करायची आणि एकं तेवढे ठेवायचे. सात आणि आठ पंधरा, म्हणजे पाच. ज्याचा आकडा नऊच्या जवळ तो जिंकला. मटक्याच्या काळात मुंबईत वाढलेल्यांना हे शिकवायला नको. तिथेही तीन पत्त्यांची बेरीज करून एकंच उचलत. गिरणगावातला आकडा आणि माँटे कार्लोतला आकडा यांचे अंकगणित एकच. फरक फक्त झुंबरांचा.

तिसरा पत्ता घ्यायचा की नाही याचे नियम छापील आहेत. खेळणाऱ्याला काही म्हणजे काहीच ठरवायचे नसते. कोण जिंकेल ते सांगायचे, पैसे लावायचे आणि बसून राहायचे. मतदानानंतर नागरिक जे करतो तेच. शंभरातले सुमारे ४६ डाव बँकर जिंकतो, ४४-४५ प्लेयर, उरलेले बरोबरीत सुटतात. बँकर जरा जास्त जिंकतो म्हणून त्याच्या विजयावर कॅसिनो पाच टक्के कापून घेतो. सगळा हिशेब केला तर बँकरवर लावलेल्या दर शंभर रुपयांमागे कॅसिनोला सरासरी १ रुपया ६ पैसे सुटतात आणि प्लेयरवर लावलेत तर १ रुपया २४ पैसे. लुटण्याचा इतका सभ्य दर दुसरीकडे मिळणे कठीण.

आता माणसाचे डोके रिकामे बसवले की ते काय करते? ते सिस्टीम काढते. गेल्या वीस डावांत बँकर किती, प्लेयर किती, याची टिपणे करते. आणि गंमत अशी की कॅसिनो त्यासाठी कागद-पेन्सिल आपल्या खर्चाने देतो! मकाव १९९९ साली पोर्तुगीजांकडून चीनकडे गेले आणि २००६ साली जुगाराच्या उलाढालीत त्याने लास व्हेगासच्या मुख्य रस्त्याला मागे टाकले. तिथल्या कॅसिनोंची बहुतेक कमाई या एका खेळातून होते. टेबलाशेजारच्या पडद्यांवर झालेल्या डावांचे लाल-निळे ठिपके ओळीने मांडलेले असतात आणि माणसे ते वैद्याने नाडी पाहावी तसे पाहतात. पत्ता कडेने हळूहळू वाकवतात, नको असलेले ठिपके उडून जावेत म्हणून त्यावर फुंकर मारतात. आपल्याकडे मटक्याचे जुने आकडे छापलेले चार्ट विकत मिळायचे, ते याच जातीचे वाङ्मय.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ जन्मभर हिशेबखात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी अशीच एक वही घातली. मार्टिंगेल नावाची अठराव्या शतकातली जुनी फ्रेंच युक्ती त्यांनी स्वतःच्या अकलेने पुन्हा शोधून काढली होती.

"हे बघा," ते म्हणाले, "शंभर लावायचे. गेले? दोनशे लावायचे. गेले? चारशे. कधीतरी तर येईलच की नाही? आला की मागचं सगळं वसूल, वर शंभर रुपये नफा!"

मी म्हटले, "आणि लागोपाठ दहा वेळा गेले तर?"

हिशेबनिसाला आकड्यांची भीती नसते. त्यांनी तिथल्या तिथे बेरीज केली. दहा डावांत १,०२,३०० रुपये गेलेले. अकराव्याला १,०२,४०० लावायचे. तो जिंकला तर एकूण नफा रुपये शंभर. त्यातून टेबलावर एका डावाला किती लावता येतील याची पाटी असते. दुपटीची शिडी चढता चढता माणूस त्या पाटीवर डोके आपटतो. बहुतेक रात्री ही युक्ती थोडेथोडे जिंकून देते, हेच तिचे विष. हरवते ती एखाद्याच रात्री, पण ती रात्र आधीच्या सगळ्या रात्रींचे घेऊन जाते.

चहा घेऊन आलेल्या वहिनींनी हे ऐकले. "भाजीवालीनं सलग तीन दिवस फसवलं," त्या म्हणाल्या, "तर चौथ्या दिवशी तिच्याकडून दुप्पट भाजी घेणार का तुम्ही?" मार्टिंगेलवर इतके नेमके भाष्य मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

पण हिशेबनिसांनी दिलेले उत्तर मला त्याहून महत्त्वाचे वाटते. "अहो, पैशाचं काय घेऊन बसलात! सात वेळा हरल्यावर आठव्या वेळी आपला काही हक्क लागतो की नाही?"

हक्क! लोभी माणसाच्या तोंडी हा शब्द येत नाही. हा न्याय मागणाऱ्याचा शब्द आहे. आपण इतके सोसले, त्याची कुठेतरी नोंद झाली असेलच, आणि ज्याने नोंद केली तो आता देणे चुकते करील, अशी ही श्रद्धा आहे. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. जसजसा काळा येत गेला तसतसे लोक तांबड्यावर अधिकाधिक पैसे ओतत गेले. आता तांबडा आलाच पाहिजे! बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, मग तांबड्याचे का फिटू नयेत? त्या लोकांना ही म्हण ठाऊक नव्हती, पण ते तिच्यावरच पैसे लावत होते. चक्राला मात्र कुठलीच म्हण ठाऊक नव्हती.

आपल्यासारख्यांना तर हे मनाला पटवून घेणे फारच जड. केलेले कर्म वाया जात नाही, या जन्मी नाही तर पुढल्या जन्मी फळ मिळते, हे आपण दुधाबरोबर प्यालेलो. हरलेला प्रत्येक डाव आपल्याला पुण्यासारखा वाटतो. खात्यावर जमा होतोय, व्याजासकट मिळेल. पण पत्त्यांना पूर्वजन्म नसतो. बाकाराचे पत्ते आठ जोडांच्या एकाच डब्यातून निघत असल्यामुळे गेलेल्या पत्त्यांचा पुढच्यांवर किंचित परिणाम होतो, हे खरे. गणित्यांनी तो मोजलाही, आणि तो इतका किंचित निघाला की त्यावर कुणाचे पोट भरू नये. तुम्ही सात वेळा हरलात हे पत्त्यांना कळवण्याची सोय नाही.

मग सिस्टीम कधी चालतच नाही का? एकदा चालली. २०१२ साली फिल आयव्ही नावाच्या नामांकित अमेरिकन जुगाऱ्याने लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात याच खेळात ७७ लाख पौंड जिंकले. काही पत्त्यांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना अगदी सारखी छापली जात नाही, हे त्याच्या जोडीदारणीने हेरले होते. मोठे पत्ते तेवढे उलट्या दिशेने फिरवून ठेवा, असे तिने पत्ते वाटणारीला सांगितले. कारण? आमची आपली एक श्रद्धा! क्लबाने आनंदाने ऐकले. जुगाऱ्याची श्रद्धा हे कॅसिनोचे भांडवलच. तिला नाही कोण म्हणेल? नंतर कळले की ही श्रद्धा नसून ज्ञान होते, तेव्हा क्लबाने पैसे द्यायला नकार दिला. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१७ साली निकाल लागला, की ही लबाडीच. आपण लबाडी करत नाही असे आयव्हीला मनापासून वाटत होते हे न्यायालयाने मान्य केले. पण तेवढ्याने भागले नाही.

आपल्याकडे नलराजाने काही वेगळे केले नव्हते. बेहड्याच्या झाडाची पाने-फळे क्षणात मोजणाऱ्या ऋतुपर्णाकडून त्याने अक्षहृदय नावाची फाशांची विद्या घेतली आणि पुष्कराकडून राज्य परत जिंकले. पुष्कराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली नाही, एवढाच फरक. ही कथा वनवासात बृहदश्व ऋषींनी धर्मराजाला सांगितली आणि ती विद्याही त्याला दिली. म्हणजे शिकवणी लागली ती परीक्षेत नापास झाल्यावर!

तरी मला लंडनचा निकाल बरोबर वाटतो. त्या टेबलावर आयव्ही एकटाच असा होता, की जो जुगार खेळतच नव्हता. चालणारी सिस्टीम ही कुलपाची किल्ली असते आणि न चालणारी सिस्टीम ही प्रार्थना असते. कॅसिनो प्रार्थनेला कागद-पेन्सिल पुरवतो आणि किल्लीला कोर्टात खेचतो. म्हणून कॅसिनोवाल्याने तुमची वही कौतुकाने पाहिली, तर ती कुठल्या जातीची आहे हे तुम्ही ओळखावे.

आता प्रश्न उरतो तो हा, की न्यायाची ही भूक वाईट का? मुळीच नाही. माणसाजवळ जे काही बरे आहे त्यात मी ती वरच्या नंबरावर धरीन. वाईट एवढेच, की हरणे हे ज्याला जमेच्या बाजूला दिसते त्याला टेबलावरून उठता येत नाही. उठला तर जमा बुडते! नुसता लोभी असता तर तो केव्हाच घरी गेला असता.

आणि मग मला आपली भीती वाटते. नोकरी गेलेल्याला, घरातले माणूस गेलेल्याला आपण पाठीवर हात ठेवून सांगतो, "दिवस पालटतील हो, आता चांगलंच होणार." गणिताने पाहिले तर हे तांबड्यावर पैसे लावणेच झाले. मग हे म्हणणे सोडून द्यावे का? मी पुष्कळ विचार केला आणि ठरवले, की सोडायचे नाही. पत्त्याला सांत्वन ऐकू येत नाही, माणसाला येते. शिवाय ते वाक्य बोलणारा त्या बोलण्याने थोडा बांधला जातो. दिवस आपोआप पालटत नाहीत. कुणीतरी चार ठिकाणी शब्द टाकतो, कुणी डबा पाठवतो, कुणी फीचे पैसे न बोलता भरतो, तेव्हा ते पालटतात. सोसलेल्याची नोंद ठेवणारे खाते आहे, पण ते माणसांत आहे. न्याय मागायचा तर ज्याला स्मरणशक्ती आहे त्याच्याकडे मागावा.

अशी स्मरणशक्ती आमच्या हिशेबनिसांच्या घरातच आहे. वहिनींना लग्नापासूनचे सगळे आठवते: कुणी काय बोलले, कुणी किती आहेर केला आणि अडचणीच्या महिन्यात कोण विचारायला आले. त्या खात्यात आजवर चूक निघालेली नाही. हिशेबनीस तिथे एकदाही दुप्पट लावायला गेलेले मी पाहिलेले नाहीत.