गटार कोण उपसणार?

साम्यवादाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. सगळे समान झाले, तर गटार कोण उपसणार? विचारणाऱ्याला वाटते, याला उत्तरच नाही. प्रत्यक्षात उत्तरे बरीच दिली गेली आहेत.

फ्रेंच विचारवंत शार्ल फुरिए (१७७२-१८३७) म्हणे, मुलांना घाणीत खेळायला आवडते; त्यांची पथके करून ही कामे त्यांना द्यावीत आणि समाजात सर्वांत मोठा मानही त्यांनाच द्यावा. रोज वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला याचे हसू येईल. मातीत खेळणे वेगळे, मैला उचलणे वेगळे.

रशियात क्रांतीनंतर, एप्रिल १९१९ मध्ये मॉस्कोच्या काही रेल्वे कामगारांनी शनिवारी रात्रभर बिनपगारी इंजिने दुरुस्त केली. लेनिनने या श्रमदानाचा गौरव केला, १ मे १९२० रोजी क्रेमलिनमध्ये स्वतः ओंडके वाहिले. त्यामागची भावना खरी होती. पण श्रमदान एका दिवसाचे. गटार रोज तुंबते. पुढे स्टॅलिनच्या राजवटीत श्वेत समुद्र ते बाल्टिक कालवा (१९३१-३३) लाखाहून अधिक कैद्यांकडून खोदून घेतला गेला. हजारो मेले. मान आणि हौस संपली की सक्ती येते, ती अशी.

आपल्याकडे हा प्रश्न जातीने सोडवला. एका सफेत नमाज पढणाऱ्या आपल्या समाजातही हलालखोर बिरादरी आहेच. हलालखोर म्हणजे हक्काची, हलाल कमाई खाणारा. नाव किती इज्जतीचे! पण सोयरीक? नुसत्या मानाने काम वाटले जात नाही, हे फुरिएपेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असायला हवे.

माझ्या मते उत्तर पाळीत आहे. कोणी म्हणेल, डॉक्टरचा वेळ मोलाचा, त्याने गटारात का उतरावे? महिन्यातून एका पाळीने दवाखाना बंद पडत नाही. उलट डॉक्टर, प्राध्यापक, मंत्री उतरू लागले, तर यंत्र फार लवकर येईल. हाताने मैला साफ करून घेण्यास आपल्याकडे १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी बंदी आहे; तरी माणसे गटारात गुदमरून मरतात, कारण उतरणारे ‘आपले’ नसतात.

म्हणून समाज साम्यवादी असो की आणखी कोणता, एकच गोष्ट तपासावी. पाळीची यादी करणाऱ्याचे नाव त्या यादीत आहे का?