मांडव्याला उतरणारा रविवार

रायगडच्या किनाऱ्यावर विश्रांतीचा दिवस पूर्वी चंद्र ठरवायचा. कोळ्यांचं डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ जोरात असते, तेव्हा त्यांना रात्रीचा दिवस करावा लागतो. अष्टमीच्या सुमारास भांग लागला, ओढ मंदावली, की होड्या किनाऱ्याला येतात आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसतात. पावसाळ्यात दर्या बंद, तो नारळी पौर्णिमेला उघडायचा. या सुट्टीला वार नव्हता. अलिबाग-रेवदंडा भागातल्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबांच्या सुट्टीला मात्र होता. शनिवारी ते तेलाचा घाणा चालवत नसत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. एक सुट्टी दर्याने दिलेली, दुसरी देवाने. दोन्हींत सगळी आळी एकदमच थांबायची, आणि थांबण्यासाठी कुणाला काही विकत घ्यावं लागत नव्हतं.

तिसरी सुट्टी माणसांनी भांडून मिळवली, आणि ती खाडीपलीकडे, मुंबईत. गिरण्यांच्या भोंग्याला उधाण आणि भांग सारखेच. सणवार सोडले तर कामगाराला ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या किती लहान होत्या, हे पाहिलं की पोटात कालवतं: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याचा पगार पुढच्या पंधरा तारखेच्या आत. सहा वर्षं झगडा चालला. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार कबूल केला. आज आपण ज्या दिवशी उशिरा उठतो तो दिवस त्या माणसांच्या कमाईचा आहे, आणि त्याचं ऋण आपण फार कमी मानतो.

त्याच सुमारास पाश्चात्त्य समाजशास्त्र शहराकडे वळत होतं. अमेरिकेत थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये मांडलं की धनिकांना निव्वळ रिकामपण पुरत नाही, ते चार लोकांना दिसावं लागतं. १९०३ मध्ये गेओर्ग झिमेल यांनी लिहिलं की बर्लिनमधली सगळी घड्याळं वेगवेगळ्या तऱ्हेने, अगदी तासभर जरी चुकली, तरी शहराचा व्यवहार कितीतरी काळ विस्कळीत होईल. १९७० मध्ये फ्रान्समध्ये जाँ बोद्रियार आणखी पुढे गेले. मोकळा वेळसुद्धा आता ग्राहकाच्या वस्तूंपैकी एक झाला आहे, असं त्यांचं म्हणणं. तिघांचंही म्हणणं मला पटतं. पण तिघंही शहराच्या आत उभे राहून, वेळ खर्च करणाऱ्याकडे पाहतात. तो वेळ तयार कोण करतं, हा प्रश्न किनाऱ्यावर आल्याशिवाय सुचत नाही. मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्यांनी १९६३ मध्ये पुण्याजवळच्या अर्धनागर खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे शहर रोज थोडंथोडं पसरत होतं. अलिबागची गत निराळी आहे. इथे शहर शनिवारी येतं आणि रविवारी संध्याकाळी परत जातं.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. पुढच्याच महिन्यात भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, आणि गाडी बोटीत घालून तासाभरात पलीकडे उतरता येऊ लागलं. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. सुट्टी लांबली आणि अंतर आखडलं.

अलिबागजवळच्या नागावच्या एखाद्या वाडीत शनिवारी सकाळी पाहावं. नारळी-पोफळीखाली चार खोल्या, अंगणात पाण्याचा छोटा हौद, मागे चूल. घरची बाई पहाटेपासून सुरमई साफ करते आहे. तांदळाच्या भाकऱ्या पानांवर गरम पडायला हव्यात, म्हणून पंगत उठेपर्यंत तिला तव्यापासून हलता येत नाही. चार वाजता पाहुण्यांचा चहा, रात्री पुन्हा जेवण. ते गेले की सोमवारी सगळ्या खोल्यांच्या चादरी धुवायच्या. मुलांच्या शाळेला सुट्टी असते त्याच दिवशी आईला सर्वांत जास्त काम असतं. पैसा मिळतो, आणि तो मोलाचा आहे. याच कमाईतून मुलं शिकतात, मोडकळीला आलेली घरं उभी राहतात. पर्यटन नको, असं इथलं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण तिला आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते, हे तिला कुणीच विचारत नाही.

कायदाही विचारत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आहे, पण मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनांना ती तरतूद लागू नाही. चार खोल्यांचं घरगुती लॉज, बंगल्याचा राखणदार, घोडागाडीवाला हे सगळे तिच्या बाहेर राहतात. घर आणि धंदा एकाच छपराखाली असला की मालक कोण आणि कामगार कोण, हेही सांगता येत नाही. सासू, सून, कामाला येणारी शेजारीण एकाच चुलीपाशी असतात.

यावर उपाय अवघड नाही. राज्यात अनेक ठिकाणी केशकर्तनालयं सोमवारी बंद असतात. व्यवसायानेच तो दिवस धरला, आणि गिऱ्हाईक आपोआप मंगळवारी येऊ लागलं. नागाव, आक्षी, वरसोलीच्या लॉजवाल्यांनी ग्रामपंचायतीत बसून असाच एक वार ठरवावा, बुधवार म्हणा. त्या दिवशी संपूर्ण गावात एकही खोली द्यायची नाही आणि एकही थाळी लावायची नाही. एकट्यादुकट्याने बंद ठेवलं तर पाहुणा शेजारी जातो, म्हणून हे सगळ्यांनी मिळूनच करावं लागेल. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या जमवल्या त्या याचसाठी.